रोमहून एका दिवसात चिविता दी बान्योरेजो: आधी बस, मग बाकी सगळं

इटलीत नव्याने आलेल्यांची यादी ठरलेली असते. कोलोसियम, व्हॅटिकन, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवल्याचा फोटो. ती संपली की प्रश्न येतो, "एखादं डोंगरावरचं जुनं गाव सांगा ना, एका दिवसात होईल असं." मी चिविता दी बान्योरेजो सांगते. रोमच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर, लात्सिओ प्रदेशाच्या वितेर्बो जिल्ह्यात, चहूबाजूंनी ढासळत चाललेल्या एका टेकाडावर हे गाव उभं आहे. गावात जायचं ते पायी, एका लांबलचक पुलावरून. बारा महिने तिथे राहणारी माणसं जेमतेम डझनभर.

गाव बघायला दोन-अडीच तास पुरतात. कठीण आहे ते तिथवर पोचणं, आणि त्याहून कठीण वेळेत परत येणं. रोमहून ओर्विएतो शहरापर्यंत रेल्वे, तिथून चिवितालगतच्या बान्योरेजो गावापर्यंत बस आणि पुढे पायी, अशी वाट आहे. त्यामुळे या लेखात चर्चपेक्षा बसविषयी जास्त बोलणं होणार आहे.

दिवस कोणता निवडायचा

रविवार नको. सगळ्यांना सुट्टी रविवारीच असते हे खरं, पण ओर्विएतोहून बान्योरेजोला जाणारी बस रविवारी आणि सरकारी सुट्टीला धावत नाही. इटलीच्या सुट्ट्याही एकदा कॅलेंडरवर बघून घ्या: २५ एप्रिल, १ मे, २ जून, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर. नव्या माणसाच्या या लक्षात नसतात. मग तो ओर्विएतोच्या स्टेशनबाहेर रिकाम्या थांब्यावर उभा राहतो.

शनिवारी बस असते, पण गर्दीही असते. रजा काढता येत असेल तर मंगळवार-बुधवारसारखा मधला वार सगळ्यात चांगला. ऋतूंपैकी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर. मे-जूनच्या सुमारास दरीच्या उतारांवर पिवळी रानफुलं फुलतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुलावर डोक्यावर सावली नाही आणि खालून काँक्रीट तापलेलं, अशी स्थिती असते. थंडीत सकाळी दरीत धुकं भरलं तर गाव ढगांवर तरंगल्यासारखं दिसतं, पण ते नशिबावर आहे आणि वारा मात्र हमखास.

रविवारीच जावं लागेल असं एक कारण आहे: गाढवांची शर्यत. जूनचा पहिला रविवार आणि सप्टेंबरचा दुसरा रविवार या दिवशी गावच्या चौकात 'पालिओ देल्ला तोन्ना' होते. स्वार गाढवावर बसतो आणि गाढव त्याच्या मनाला येईल तिकडे जातं. बघायला धमाल येते, फक्त त्या दिवशी गाडी हवी.

बसचं वेळापत्रक आदल्या रात्री

लात्सिओतल्या या बस कोत्राल नावाची कंपनी चालवते. ओर्विएतो मात्र लात्सिओत नाही, ते शेजारच्या उंब्रियात आहे. त्यामुळे ओर्विएतोच्या शहर बसचं तिकीट वेगळं आणि बान्योरेजोच्या निळ्या कोत्राल बसचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

कोत्रालच्या साइटवर किंवा ॲपमध्ये ओर्विएतो ते बान्योरेजो हा मार्ग टाका आणि आधी परतीच्या बस बघा. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि दुपारी मोठी फट पडते. परतीची बस ठरली की तिच्या मागे मोजत सकाळची बस, आणि सकाळच्या बसच्या मागे मोजत रोमची गाडी. सकाळच्या गाडीपासून सुरुवात करून नियोजन केलं तर दिवस हमखास फसतो. थांब्यावरच्या छापील वेळापत्रकात 'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस (त्यात शनिवारही आला), 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, 'स्कोलास्तिको' म्हणजे फक्त शाळा चालू असतानाच. इटलीच्या शाळा जूनच्या सुरुवातीला बंद होतात त्या थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यात हा शेवटचा शब्द ज्या बसपुढे असेल ती बस नाहीच असं समजा.

रोम ते ओर्विएतो

रोमा तेर्मिनीवरून रिजनल गाडीने साधारण सव्वा ते दीड तास, इंटरसिटीने तासाभराच्या आसपास. रिजनलचं भाडं ठरलेलं असतं, आठवडाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, त्यामुळे घाईघाईने बुकिंग करायची गरज नाही. इंटरसिटीचं मात्र आधी काढलेलं बरं.

स्टेशनच्या फलकावर ओर्विएतो ठळक अक्षरांत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, म्हणजे बहुतेक वेळा फिरेंझे (आपलं फ्लॉरेन्स). गाडीच्या नंबरावरून ओळखा. रिजनलचं कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का उमटवायचा. मोबाइलवरचं असेल तर गाडी सुटण्यापूर्वी त्यात चेक-इन करायचं. हे राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो आणि "मी नवीन आहे" हे कारण तपासनिसाने त्या दिवशी आधीच चारदा ऐकलेलं असतं.

सकाळी सात-साडेसातच्या आसपासची गाडी धरा. घरून निघताना पाण्याची बाटली, टोपी, रबरी तळाचे बूट आणि वीस-तीस युरोची सुटी रोख. ओळखपत्रही बरोबर ठेवा.

ओर्विएतो स्टेशन ते बान्योरेजो

गाडीतून उतरल्यावर समोर डोंगरावर ओर्विएतो दिसतं, आणि वर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, स्टेशनच्या दारातच आहे. मोह आवरा. आता वर जायचं नाही, ते दुपारसाठी आहे. बसचं तिकीट स्टेशनवरच्या बारमध्ये किंवा ताबाकीच्या, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात घ्या, आणि येण्याजाण्याची दोन्ही एकदमच घ्या. दोन-अडीच युरोची बाब असते, ड्रायव्हरकडे घेतलं तर बरंच महाग पडतं.

थांबा स्टेशनसमोर आहे. बस येताना दिसली की हात करा. आपल्या एसटीचे ड्रायव्हर हात न करताही थांबायचे या आठवणीवर विसंबू नका, इथे नुसतं उभं राहिलात तर तुम्ही उन्हाला उभे आहात असं समजून बस पुढे जाते. चढताना पाटीवर बान्योरेजो आहे याची खात्री करा, तिकीट आतल्या यंत्रात टाका. वळणावळणाचा रस्ता आहे, पाऊण तास ते तासभर लागतो. गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी: हायवेवर ओर्विएतोला बाहेर पडायचं, तिथून वीसेक किलोमीटर. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि तो भारतातूनच काढून आणावा लागतो. इटलीत रहिवासी म्हणून नोंद होऊन वर्ष उलटलं की तोही चालत नाही. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, इटालियन परीक्षा द्यावी लागते. हे अनेकांना अपघात झाल्यावर, विम्याच्या वेळी कळतं. पार्किंगमध्ये निळ्या रेघा म्हणजे पैसे भरायचे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाही.

बान्योरेजोतून पुलापर्यंत

बस तुम्हाला बान्योरेजोत सोडते. हे धाकटं नव्हे, आता थोरलं झालेलं गाव. चिविता त्याच्या पलीकडे आहे, दीड-दोन किलोमीटरवर. जुन्या वेशीतून आत शिरा आणि मुख्य रस्ता सोडू नका. पंचवीस-तीस मिनिटांत तो तुम्हाला बेल्वेदेरेवर, म्हणजे दरीच्या काठावरच्या सज्जावर आणून सोडतो. शटल बसही असते, आई-बाबा बरोबर असतील तर ती घ्या आणि त्यांचे गुडघे पुलासाठी राखून ठेवा. उतरल्या उतरल्या परतीच्या थांब्याचा आणि त्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा.

बेल्वेदेरेवर पोचल्यावर बहुतेक लोक पोटभर फोटो काढतात आणि ते फसतात. चिविता इथून पूर्वेला आहे, सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि गाव काळपट दिसतं. सकाळी नुसतं बघून घ्या. फोटो परत येताना काढा, तेव्हा ऊन गावाच्या तोंडावर पडलेलं असतं आणि दगड मधाच्या रंगाचा होतो.

तिथे उभं राहूनच समजून घ्यायची गोष्ट म्हणजे हे गाव कशावर उभं आहे. वरचा थर टफचा, म्हणजे बोल्सेना सरोवराच्या परिसरातल्या ज्वालामुखींनी फेकलेली राख दाबली जाऊन झालेला दगड. त्याखाली जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती. रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो हे दोन ओढे दोन्ही बाजूंनी ती माती खात आले आहेत. खालची माती सरकली की वरच्या टफला तडा जातो आणि कड्याचा तुकडा दरीत उतरतो, त्यावर घर असेल तर घरासकट. रायगड-राजगडाच्या बेसाल्टवर पोसलेल्या आपल्या नजरेला किल्ला म्हणजे कातळ, तो कुठे जातोय असं वाटतं. इथे कातळच पाहुणा आहे. दरीतल्या धारदार, करड्या, झाड न टिकणाऱ्या मातीच्या कण्यांना कलांकी म्हणतात. बेल्वेदेरेवरून त्या जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या गावातूनही दिसत नाहीत.

बेल्वेदेरेच्या खाली संत बोनाव्हेंतुराची गुहा आहे. तेराव्या शतकातला हा फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ चिवितातला. लहानपणी तो आजारी पडला आणि असिसीच्या संत फ्रान्सिसने त्याला इथे बरं केलं अशी आख्यायिका. त्याचं जन्मघर मात्र आता नाही. ते कड्याबरोबर कधीच गेलं.

पूल आणि तिकीट

पुलाच्या पायथ्याशी ५ युरोचं तिकीट घ्यावं लागतं. २०१३ साली ते दीड युरोने सुरू झालं. गावात शिरायचे पैसे का, असं म्हणत कुरकुरणारे भेटतील. मला ते पैसे योग्य वाटतात. डझनभर लोकांच्या गावात वर्षाला लाखो माणसं येतात, आणि कडा सावरण्याचं काम स्वस्तात होत नाही.

पूल सुमारे ३०० मीटर लांब. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुना पूल उडवला, आताचा काँक्रीटचा पूल १९६५ चा. सुरुवातीला सोपा वाटतो, शेवटचा तुकडा मात्र सरळ चढ आहे. कठडा धरून, थांबत थांबत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं. पर्यटकांसाठी वाहन नाही. गावातले लोक मोपेडवरून किंवा छोट्या मालगाडीतून सामान नेताना दिसतील, त्यांना वाट द्या. लहान बाळ असेल तर ढकलगाडीपेक्षा पाठीवरची झोळी बरी. चाकाची खुर्ची नेणं फार अवघड आहे. अशा वेळी बेल्वेदेरेवरूनच बघणं शहाणपणाचं, आणि ते दृश्य काही कमी नाही.

गावात

शिरायचं ते पोर्ता सांता मारियातून. अडीच हजार वर्षांपूर्वी इथे वस्ती करणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी टफमधून कोरलेली ही वाट, वरची कमान मध्ययुगीन. दाराशी वर बघा: दगडी सिंह माणसांची मुंडकी पंजात धरून बसलेत. ओर्विएतोच्या मोनाल्देस्की घराण्याचा जाच इथल्या लोकांनी पंधराव्या शतकात उलथवला, त्याची ती खूण. वाटाड्याच्या मागून जाणारे गट इथून खाली मान घालून आत जातात, कारण त्यांचं लक्ष दगडांवरच्या पावलांकडे असतं.

आत गेल्यावर डाव्या-उजव्या बाजूला एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत शोधा. दार आहे, खिडक्या आहेत, आणि खिडक्यांमागे आकाश. मागचा वाडा दरीत गेला, भिंत राहिली. मला विचाराल तर अख्ख्या चिवितात बघण्यासारखी गोष्ट ही. बाकी सगळं सुंदर आहे, इथे मात्र गावाचं दुखणं उघडं दिसतं.

पुढे चौक, पियात्सा सान दोनातो. फरसबंदी नाही, मातीच आहे; गाढवं इथेच धावतात. चर्चसमोर प्राचीन खांबांचे बुंधे उरलेत. हे चर्च एकेकाळी कॅथीड्रल होतं. १६९५ च्या भूकंपाने गावाचं कंबरडं मोडलं, मग बिशप गेला, कारभार गेला, लोकही पलीकडे बान्योरेजोत राहायला गेले. आत पंधराव्या शतकातला लाकडी क्रूस आहे, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत तो पूल उतरून बान्योरेजोला जातो आणि परत येतो. चर्चमध्ये जाताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

चौकाच्या जवळच भूस्खलनाचं एक छोटं संग्रहालय आहे. ते रोज उघडं नसतं, पण उघडं दिसलं तर आत जा. कड्याला आतून कशा पोलादी सळ्या आणि दोर ठोकून धरलंय, ते तिथे नीट समजतं. अर्धा तास पुरतो. तळघरातली तेलाची जुनी घाणी दाखवणाऱ्या दोन-तीन जागा आहेत. दगडी जातं, त्याला जुंपलेल्या गाढवाची गोल वाट, भिंतीत कबुतरांसाठी कोरलेले चौकोनी कोनाडे. एक बघितली की पुरे.

चौकात बसून परत फिरणारे नव्वद टक्के. तुम्ही मुख्य गल्लीने सरळ पुढे चालत राहा. घरं संपतात, मांजरी वाढतात, वाट खाली उतरायला लागते. कड्याच्या पोटातून आरपार गेलेला एट्रुस्कन बोगदा, बुकायोने, या टोकाकडे आहे. जवळच एका जुन्या थडग्याचं आधी तुरुंग आणि मग देवघर झालेलं आहे. बोगद्यापर्यंत जाऊन या, दरीत उतरणारी पायवाट मात्र पाऊस पडून गेल्यावर धरू नका, ओली चिकणमाती बुटाला सोडत नाही. कठड्यावर चढून फोटो काढणारे उत्साही असतातच. तो कठडा ज्यावर आहे ते काय आहे, हे तुम्ही आता वाचलेलं आहे.

जेवण, विशेषतः शाकाहारी

जेवण साडेबारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं, मग कितीही भूक असो. चिवितात सोपं आणि भरवशाचं म्हणजे ब्रुस्केत्ता: निखाऱ्यावर भाजलेला पाव, त्यावर लसूण चोळून ताजं ऑलिव्ह तेल, हवा तर टोमॅटो. ओर्विएतोकडे उंब्रिकेल्ली नावाचा हाताने वळलेला जाड पास्ता मिळतो, टोमॅटो-मिरचीचा घेतला तर आपल्या जिभेला बरा लागतो. तरी ऑर्डर देताना "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पांचेत्ता" हे दोन्ही म्हणा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर डुकराच्या चरबीचे तुकडे मांसात मोजायची इथे पद्धत नाही. मसूर-वाटाण्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण पाणी हाडांच्या रश्शाचं असू शकतं, म्हणून "ब्रोदो दी कार्ने?" असं विचारा. पेकोरिनो चीजमध्ये बहुतेक वेळा प्राण्यापासूनचं विरजण असतं. लसूण न खाणाऱ्यांनी "सेंत्सा आल्यो" म्हणावं. बिलात माणशी 'कोपेर्तो' म्हणून दोनेक युरो लागलेले दिसतील, ती फसवणूक नाही, टेबलाचे पैसे आहेत.

घरचा डबा आणला असेल तर तो चर्चच्या पायऱ्यांवर उघडू नका. बान्योरेजोतल्या बाकांवर बसून खा, कोणी काही म्हणत नाही.

परत, आणि ओर्विएतो

परतीच्या बसच्या वेळेच्या तासभर आधी चिविता सोडा. पूल उतरायचा, बेल्वेदेरेवर ते राखून ठेवलेले फोटो काढायचे, मग बान्योरेजोतून चालायचं. बस चुकलीच तर ओर्विएतोहून टॅक्सी बोलवावी लागते, गावात ती उभी नसते, आणि भाडं आधी ठरवून घ्या.

ओर्विएतोला जितका वेळ उरेल तितका. फ्युनिक्युलरने वर चढलात की उतरल्या उतरल्या शेजारीच सान पात्रित्सिओची विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खणायला लावली. २४८ पायऱ्यांचे दोन जिने एकमेकांभोवती असे फिरवलेत की उतरणारं खेचर आणि चढणारं खेचर कधी समोरासमोर येत नाहीत. पुलाने पाय दुखत असतील तर विहीर सोडा आणि कॅथीड्रल घ्या. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालेलं, बाहेर सोनेरी मोझेइक, आत लुका सिन्योरेल्लीने रंगवलेली कयामतीची भित्तिचित्रं. दोन्ही एका दुपारी करायचा हट्ट धरलात तर दोन्ही धावत बघाल.

रोमच्या गाड्या ओर्विएतोहून संध्याकाळीही मिळतात, म्हणून चिविता आधी आणि ओर्विएतो नंतर हा क्रम. फ्युनिक्युलरची शेवटची फेरी किती वाजता हे वर येतानाच वाचून ठेवा. रिजनल गाडी तिबुर्तिनालाही थांबते. घर मेट्रोच्या बी लाइनवर असेल तर तेर्मिनीपर्यंत जायचं कारण नाही, तिथेच उतरा.